बंदुकीचे लटकन : एका आभासी बाजारपेठेचा परिचय



विषयाचे नाव ऐकून काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या असतील, तर ते स्वाभाविकच आहे. लटकन हा शब्द मात्र सर्वांच्या परिचयाचा आहे. ब्लाउजच्या नाडीला, पदराच्या टोकाला, दारावरच्या तोरणाला मोत्यांचे, गोंड्यांचे अथवा काचेच्या मण्यांचे लटकन लावण्याची प्रथा जुनी आहे. लटकनामुळे कापडाचा टिकाऊपणा वाढत नाही, की त्याचा पन्हाही वाढत नाही. तरीही त्यावाचून पोशाख अपुरा वाटतो आणि गिऱ्हाईक त्यासाठी आनंदाने वेगळे पैसे मोजते. असेच लटकन आज संगणकाच्या पडद्यावरील बंदुकीला लावले जाते. त्याची खरेदी-विक्री होते, त्याचे भाव चढतात आणि पडतात, आणि अनेक घरांतील मुले-नातवंडे त्या व्यवहारात सहभागी असतात. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र त्याची वार्ताही नसते. म्हणून या बाजारपेठेचे स्वरूप, तिच्यातील खरे मूल्य आणि तिच्यातील धोका यांचा क्रमशः परिचय करून देणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

वस्तूचे स्वरूप

गोळीबाराच्या ज्या खेळांना ‘शूटर’ म्हणतात, त्यांत खेळाडूला पडद्यावर स्वतःच्या हातातील शस्त्र सतत दिसत असते. त्या शस्त्राला लहानशा साखळीने टांगलेली छोटी आकृती म्हणजे ‘चार्म’, अर्थात लटकन. ती कोंबडीची असेल, केळ्याची असेल, चहाच्या पेल्याची असेल किंवा बोटभर उंचीच्या सैनिकाची असेल. खेळाडू धावू लागला की ती हेलकावे खाते, थांबला की स्थिर होते. तिच्यामुळे नेम सुधारत नाही, गोळीचा मारा वाढत नाही, प्रतिपक्षावर कोणतीही सरशी मिळत नाही. ती केवळ शोभेची वस्तू आहे. आणि ही वस्तूही हातात घेता येत नाही. कंपनीच्या संगणकातील नोंदवहीत खेळाडूच्या नावापुढे झालेली ती एक नोंद असते.

शोभेच्या लहान वस्तूचे आकर्षण मानवाला नवीन नाही. जपानमध्ये एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या कालखंडात, किमोनोला खिसे नसल्याने तंबाखूची थैली वा औषधाची डबी दोरीने कमरपट्ट्याला अडकवीत. ती दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला ‘नेत्सुके’ नावाचे छोटे कोरीव बटण असे. उपयोगासाठी जन्मलेली ही वस्तू पुढे कलावस्तू झाली आणि आज जगभरच्या संग्रहालयांत जपली जाते. त्याच देशात पुढे मोबाइल फोनला छोटी लटकने बांधण्याची आवड पसरली.

कापडाच्या व्यवसायातही असाच एक दाखला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या प्रारंभी मँचेस्टरकडून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडाच्या थानांवर देवदेवता, राजेरजवाडे आणि पशुपक्षी यांची सुंदर रंगीत चित्रे छापलेली ‘तिकिटे’ चिकटवलेली असत. कापड वापरले जाई, विरून जाई. परंतु तिकीट मात्र अनेकांनी जपून ठेवले. आज संग्राहक ती हौसेने गोळा करतात. तात्पर्य, मालाबरोबर आलेली शोभा मालाहून अधिक प्रिय होणे, ही गोष्ट व्यापाऱ्यांनी पूर्वीच पाहिलेली आहे.

प्रसार कसा झाला

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘रेनबो सिक्स सीज’ हा खेळ १ डिसेंबर २०१५ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रांची लटकने होती, आणि या प्रकाराला व्यापक प्रसिद्धी देण्यात त्या खेळाचा मोठा वाटा आहे. २०१९ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’मध्ये ती आली. जून २०२० मध्ये रायट गेम्स या कंपनीने ‘व्हॅलोरंट’ आणला. तेथे लटकनाला ‘गन बडी’, म्हणजे बंदुकीचा सोबती, असे लाडके नाव मिळाले. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीच्या ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये लटकने ऑक्टोबर २०२४ मध्ये दाखल झाली. तोवर त्या खेळात बंदुकीवरचे रंगकाम ऑगस्ट २०१३ पासून आणि बंदुकीवर चिकटवायची चित्रे २०१४ पासून विकली जात होती, त्यामुळे बाजारपेठ आधीच तयार होती.

केवळ शोभेच्याच वस्तू विकण्यामागे एक नैतिक आणि व्यापारी धडा आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीच्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळात नशिबाच्या पेट्यांतून प्रत्यक्ष सामर्थ्य वाढविणाऱ्या गोष्टी मिळत असत. ज्याचा खिसा भरलेला त्याचीच जीत, असा त्याचा अर्थ झाला. जगभरातील खेळाडूंनी एवढा रोष प्रकट केला की अधिकृत प्रकाशनाच्या काही तास आधी कंपनीला पैसे देऊन होणारी खरेदी थांबवावी लागली. पैसे घेणे चालेल, पण पैशाने विजय विकू नये, ही मर्यादा त्यानंतर अधिक ठळक झाली. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा खेळ डिसेंबर २०१८ पासून विनामूल्य खेळता येऊ लागला आणि ‘व्हॅलोरंट’ तर आरंभापासूनच विनामूल्य आहे. असे खेळ चालविण्याचा खर्च आणि नफा या शोभेच्या वस्तूंतूनच निघतो. दुकानात प्रवेश फुकट आणि विक्री हौशीची, असा हा व्यवहार आहे. गरीब घरातील मुलगा आणि श्रीमंत घरातील मुलगा तेथे एकाच मैदानावर समान शस्त्राने उतरतात, हे त्याचे उजवे अंग मान्य केलेच पाहिजे.

लटकनाचे मोल कशात

असे असता, उपयोग शून्य असलेल्या वस्तूसाठी तरुण मंडळी का झुरतात? याचे पहिले उत्तर असे की काही लटकने विकत मिळतच नाहीत. ‘रेनबो सिक्स सीज’ आणि ‘व्हॅलोरंट’ या दोन्ही खेळांत एखाद्या कालावधीत खेळाडूने गाठलेल्या श्रेणीचे लटकन दिले जाते. शाळेतील बक्षिसाचा बिल्ला छातीवर लावावा, तसे ते असते. ‘व्हॅलोरंट’मध्ये मुठीच्या आकाराचे एक लटकन केवळ कंपनीचे कर्मचारी देऊ शकतात. खेळात भेटलेल्या एखाद्या सभ्य, खिलाडू वृत्तीच्या खेळाडूला ते भेट म्हणून मिळते. त्याला बाजारभाव नाही, आणि म्हणूनच त्याची प्रतिष्ठा मोठी आहे.

दुसरे उत्तर आपुलकीचे आहे. ‘रेनबो सिक्स सीज’मध्ये व्यावसायिक संघांच्या चिन्हांची लटकने विकली गेली आणि त्या उत्पन्नाचा काही भाग संघांना देण्यात आला. आवडत्या संघाचा झेंडा हाती धरावा, तशी ही भावना आहे. २०२५ च्या जून महिन्यात अमेरिकेतील ऑस्टिन येथे ‘काउंटर-स्ट्राइक’ची मोठी स्पर्धा झाली, तिच्या निमित्ताने सामन्यातील अविस्मरणीय क्षणांची लटकने काढण्यात आली. ती उघडून पाहिली असता तो क्षण चलचित्राच्या रूपाने पुन्हा दिसतो.

तिसरे उत्तर दुर्मिळतेचे आहे. ‘काउंटर-स्ट्राइक २’मधील अनेक लटकनांना नमुना-क्रमांक असतो. एकाच आकृतीचे दोन नग क्रमांकानुसार रंगाने वेगळे असू शकतात. रेशमी थानात एखादा धागा निराळा लागावा आणि नेमके तेच थान पारखी गिऱ्हाइकाने उचलावे, तसे येथे घडते. संग्राहक विशिष्ट छटेसाठी किंवा विशिष्ट अंकासाठी सामान्य भावाच्या कित्येक पट रक्कम देतात. शिवाय बंदुकीवर चिकटवलेले चित्र खरवडून काढले की नष्ट होते, तर लटकन अल्प शुल्क देऊन सोडवता येते आणि दुसऱ्या शस्त्राला लावता येते. त्यामुळे ते जपण्याजोगे आणि पुन्हा विकण्याजोगे ठरते.

बाजाराची रचना

या वस्तूंचा क्रय-विक्रय व्हॉल्व्हच्या ‘स्टीम’ या मंचावरील बाजारात होतो. हा बाजार डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी त्या कंपनीने आपल्या खेळांतील आभासी अर्थव्यवहाराचा अभ्यास करण्यासाठी यानिस वारुफाकिस या अर्थशास्त्रज्ञांना नेमले होते. हेच गृहस्थ जानेवारी २०१५ मध्ये ग्रीस देशाचे अर्थमंत्री झाले. एका देशाच्या तिजोरीचा कारभार पुढे ज्यांच्याकडे गेला, त्यांनी आधी खेळातील टोप्या-अलंकारांच्या देवघेवीचा अभ्यास केला होता, यावरून विषयाचे गांभीर्य ध्यानी यावे.

बाजाराचा हिशेब व्यापारी दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’ची वस्तू विकणाऱ्याला १०० रुपये हवे असतील, तर घेणाऱ्याला सुमारे ११५ रुपये द्यावे लागतात. मंचाचे ५ टक्के आणि खेळाचे १० टक्के, असे १५ टक्के कंपनीकडे जातात. तीच वस्तू पुन्हा विकली गेली, की पुन्हा १५ टक्के. म्हणजे माल तयार करणारा तोच, बाजाराचा मालकही तोच आणि प्रत्येक सौद्यातील अडत्याही तोच. याहून महत्त्वाची बाब अशी की विक्रीतून आलेली रक्कम स्टीमच्या खात्यातच जमा होते. तिच्यातून दुसरा खेळ घेता येतो, दुसरे लटकन घेता येते. पण ती रक्कम रोख स्वरूपात बँकेत आणण्याची सोय तेथे नाही. रोख रकमेसाठी लोक बाहेरच्या संकेतस्थळांकडे वळतात, आणि फसवणुकीची बरीच प्रकरणे तेथेच उद्भवतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये स्वतः व्हॉल्व्हने पेट्यांच्या नव्या किल्ल्यांच्या देवघेवीवर बंदी घातली. तेव्हा बाजारात फिरणाऱ्या जवळजवळ सर्व किल्ल्या फसवणुकीच्या पैशांशी निगडित असल्याचे कारण कंपनीने दिले होते.

व्यापार कोठे संपतो, जुगार कोठे सुरू होतो

वस्तू समोर ठेवली, भाव सांगितला, गिऱ्हाइकाने पाहून घेतली, पैसे दिले, हा शुद्ध व्यापार झाला. परंतु बंद पेटी विकली आणि आत काय निघेल ते दैवावर सोडले, तर त्याला कोणते नाव द्यावे? ‘काउंटर-स्ट्राइक’च्या पेट्यांतील संभाव्यता २०१७ मध्ये चीनमध्ये जाहीर करण्यात आली. सर्वांत दुर्मिळ वस्तू, म्हणजे सुरी वा हातमोजे, निघण्याची शक्यता केवळ ०.२६ टक्के होती, तर जवळजवळ ८० टक्के वेळा सर्वांत सामान्य श्रेणीची वस्तू निघे. आता साधी त्रैराशिकाची मांडणी करावी. ०.२६ टक्के म्हणजे सरासरी ३८५ पेट्यांमागे एक नग. पेटी उघडण्याच्या किल्लीची किंमत २.४९ डॉलर धरली, तर केवळ किल्ल्यांचाच खर्च साडेनऊशे डॉलरच्या पुढे जातो. त्यातही ३८५ व्या पेटीत सुरी निघेलच, असा कोणताही हक्क निर्माण होत नाही. प्रत्येक पेटीला दैव नव्याने आजमावले जाते. हा हिशेब एकदा वहीवर मांडला की पेटीचा मोह पुष्कळसा ओसरतो.

लटकनांच्या बाबतीत पद्धत थोडी सौम्य ठेवण्यात आली. ऑक्टोबर २०२४ च्या योजनेत सुमारे १६ डॉलरचा परवाना घेऊन प्रत्यक्ष खेळून ४० पर्यंत गुण मिळविता येत, आणि ते गुण देऊन निवडलेल्या संचातील एखादी वस्तू मिळे. तथापि संचातील नेमके कोणते लटकन मिळणार, हे तेथेही दैवाधीनच होते. जे नेमके हवे ते बाजारातूनच घ्यावे लागे.

एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार-नियंत्रण आयोगाने ‘काउंटर-स्ट्राइक’सह काही खेळांतील अशा पेट्यांना जुगार ठरविले, आणि त्यानंतर व्हॉल्व्हने त्या देशात पेट्या उघडण्याची सोय बंद केली. त्याआधी २०१६ मध्ये, खेळातील वस्तू पणाला लावून चालणाऱ्या बाहेरच्या जुगारी संकेतस्थळांना कंपनीने स्वतः थांबण्याच्या सूचना पाठविल्या होत्या. भारतातही ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत झाला. त्यात पैसे लावून पैसे मिळविण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई करण्यात आली, आणि ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता देण्यात आली. ई-स्पोर्ट्स वेगळे आणि पैशाचा डाव वेगळा, हा भेद कायद्यानेही केला आहे. तो घरातही केला गेला पाहिजे.

मालकी कोणाची

व्यापारातील मूलभूत प्रश्न असा : पैसे देऊन घेतलेली वस्तू आपली झाली का? येथे उत्तर नकारार्थी आहे. खेळाडूला मिळतो तो वापरण्याचा परवाना. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमने खरेदीच्या वेळी तसा स्पष्ट उल्लेख करण्यास सुरुवात केली, आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा यासंबंधीचा कायदा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ नावाच्या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, आणि पैसे देऊन घेतलेला तो खेळ खेळता येईनासा झाला. खेळच बुडाला, तर त्यातील अलंकारांचे काय, हे निराळे सांगावयास नको.

भाव तर मालकाच्या एका निर्णयावर अवलंबून असतो. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी व्हॉल्व्हने एक नवा नियम आणला. सर्वोच्च श्रेणीच्या पाच वस्तू देऊन त्यांच्या बदल्यात एक सुरी किंवा हातमोजे मिळविण्याची मुभा खेळाडूंना मिळाली. जी सुरी आजवर ०.२६ टक्क्यांच्या दैवाने मिळे, तिचा पुरवठा एकाएकी वाढला. सुऱ्यांचे भाव घसरले आणि ज्या वस्तू बदल्यात द्यावयाच्या, त्यांचे भाव चढले. त्या एक-दोन दिवसांत एकूण बाजारमूल्यातून अब्जाहून अधिक डॉलर नाहीसे झाल्याचे अंदाज प्रसिद्ध झाले. ज्यांनी हौसेने सुरी घेतली होती, त्यांच्या हाती सुरी तशीच राहिली. ज्यांनी पुंजी म्हणून घेतली होती, त्यांची पुंजी आटली. या घटनेत दोष कोणाचा, हा वादाचा विषय होईल. परंतु जेथे पुरवठ्याचा नळ एकाच हाती आहे आणि त्या हातावर कोणतेही बंधन नाही, तेथे साठा करून ठेवणे हे व्यापारी शहाणपणाचे लक्षण नव्हे, याविषयी दुमत होऊ नये.

कुटुंबांनी काय करावे

या सर्व माहितीचा घरातील व्यवहाराशी संबंध जोडला पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे तिरस्कार करू नये. ‘बंदुकीला खेळणे टांगून काय मिळते?’ असे विचारून मूल गप्प बसते आणि पुढचा खर्च लपवू लागते. त्याऐवजी घटकाभर शेजारी बसून त्याचे लटकन पाहावे, ते कसे मिळाले ते विचारावे. कष्टाने मिळविलेल्या श्रेणीचे असेल, तर मोकळ्या मनाने कौतुक करावे. बंदुकीच्या खेळाविषयी घरात ज्यांचे मन साशंक असेल, त्यांनी ती शंकाही याच बैठकीत प्रेमाने बोलून दाखवावी. ज्या मुलाला आपले ऐकून घेतले गेले असे वाटते, तेच मूल वडिलांचेही ऐकते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. लटकनावर केलेला खर्च हा सिनेमाच्या तिकिटासारखा खर्च समजावा, गुंतवणूक समजू नये. महिन्याची मर्यादा ठरवावी आणि ती मुलाच्याच हस्ताक्षरात वहीत लिहून घ्यावी. नेमकी वस्तू बाजारभावाने घेण्याची एकवेळ परवानगी द्यावी. बंद पेटी उघडण्याची देऊ नये. आणि ३८५ पेट्यांचे ते गणित मुलाकडूनच सोडवून घ्यावे.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. घरातील कार्डाचा तपशील मुलाच्या खात्यात कायमचा साठवून ठेवू नये. डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’ची निर्माती एपिक गेम्स या कंपनीने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड केली. त्यात ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर देण्याचे तिने मान्य केले. बटणांची फसवी मांडणी आणि पालकांच्या संमतीवाचून मुलांकडून होणारी खरेदी, हे त्यातील आक्षेप होते. एवढ्या मोठ्या देशातील पालकांची ही अवस्था, तर इतरांनी अधिकच जागरूक राहिले पाहिजे. ‘तुझे लटकन दाखव, दुप्पट किंमत देतो’ असा अनोळखी संदेश आला, तर त्यातील दुव्यावर बोट ठेवू नये आणि खात्याचा संकेतशब्द कोणालाही सांगू नये, हे मुलांना पुनःपुन्हा बजावावे.

बंधु-भगिनींनो, हौसेला मोल असते, आणि हौस भागविणारा व्यापार हीन मानण्याचे कारण नाही. लटकन विकणारा आणि लटकन घेणारा, दोघेही सुखी होऊ शकतात. अट एवढीच की घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत आणि काय घेत नाही, हे नीट ठाऊक असावे. पडद्यावर डोलणाऱ्या त्या चिमुकल्या आकृतीपाठीमागे एवढा मोठा बाजार उभा आहे, याची जाण घरातील वडीलधाऱ्यांना झाली, तर तरुण पिढीशी संवादाचे एक नवे दार उघडेल. येत्या सुटीत प्रत्येक आजोबांनी नातवाजवळ बसून ‘तुझ्या बंदुकीला काय टांगले आहेस रे?’ एवढे एकदा तरी विचारावे, अशी नम्र विनंती करून हे विवेचन येथे पूर्ण होत आहे.